बारा डिसेंबर आणि एक जून

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील कोणत्याही मराठी शाळेत सकाळच्या परिपाठाला जावे. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि त्यानंतर दिनविशेष, हा क्रम ठरलेला. फळ्याच्या एका कोपऱ्यात रंगीत खडूने तारीख लिहिलेली असते आणि तिच्याखाली त्या दिवशी कोण जन्मले, कोण निवर्तले, कोठे काय घडले, कोणता सामना कोणी जिंकला, याच्या चार-पाच ओळी असतात. एखादी चुणचुणीत मुलगी त्या मोठ्याने वाचते, मुले ऐकतात किंवा ऐकल्यासारखे करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने सारा मजकूर पुसला जातो. आकाशवाणीने हेच काम वर्षानुवर्षे केले, वर्तमानपत्रांनी केले, भिंतीवरच्या दिनदर्शिकांनी केले. आपल्या समाजाला इतिहासाची जी काही शिकवणी रोज मिळते ती ही अशी पाच मिनिटांची आहे. पंडितांनी मात्र तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

या लेखासाठी आम्ही एकच तारीख निवडली आहे : १२ डिसेंबर. या परिसरात ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शरद पवार यांचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा, आणि त्या दिवशी बारामतीच्या चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक लागतात. राजकारण हा आमचा प्रांत नव्हे. तेव्हा वाचकांनी या लेखात स्तुती शोधू नये आणि निंदाही शोधू नये. आमचे कुतूहल निराळे आहे. एखाद्या तारखेच्या यादीत माणसे कशी येतात, काही माणसे उशिरा का येतात, आणि ज्यांना तारीखच नाही त्यांचे काय होते, हे आम्हाला पाहावयाचे आहे.

आपल्या घरांत १२ डिसेंबर म्हटले की ज्यांना उपासनेचे पंचांग पाठ आहे त्यांना ग्वादालुपे मातेचा सण आठवतो. मेक्सिकोत १५३१ साली हुआन दिएगो या नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या मूळनिवासी माणसाला टेपेयाकच्या टेकडीवर मरियामातेचे दर्शन झाले, आणि १२ डिसेंबरला बिशप सुमारागा यांच्यापुढे त्याने आपल्या अंगावरचे वस्त्र उलगडले तेव्हा त्यातून गुलाब खाली पडले व वस्त्रावर मातेची प्रतिमा दिसली, अशी परंपरा आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली त्याला संतपद दिले. परंतु येथेच एक गंमत आहे. १५३१ साली जगात जुने ज्युलियन पंचांग चालू होते. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ते सुधारले आणि ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर आला. आजच्या गणनेने मोजू गेल्यास तो दिवस २२ डिसेंबरचा ठरेल. सण मात्र बाराच तारखेला राहिला, कारण लोकांनी तारखेशी नाते जोडले होते, सूर्याच्या गणिताशी नव्हे.

आपल्या मुलखाला तर हा अनुभव नवा नाही. मोरोपंत पराडकर या पंडित कवीने आयुष्याचा मोठा भाग कऱ्हाकाठी बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने घालविला आणि तेथेच १७९४ साली देह ठेवला. त्यांची पुण्यतिथी चैत्र पौर्णिमेची. ती इंग्रजी तारखेच्या चौकटीत दरवर्षी निराळ्या जागी पडते. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढात बारामतीहून निघते, काटेवाडीत परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते, पुढे सणसरचा मुक्काम, बेलवाडीचे गोल रिंगण आणि मग इंदापूर. हा या भागातील वर्षाचा सर्वांत मोठा दिवस, परंतु शाळेच्या फळ्यावर त्याला कायमची तारीख देता येत नाही. इंदापूर ही मालोजीराजे भोसले यांच्या समाधीची भूमी, आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या या आजोबांच्या मृत्यूच्या सालाविषयीही इतिहासकारांत मतभेद आहेत. म्हणजे तारखेवाचून आपल्या पूर्वजांचे काही अडले नाही. तारीख ही गरज पुढे आली. कचेरी, शाळा, आगगाडी आणि न्यायालय यांच्याबरोबर आली.

ती कोणत्या थाटाने आली हे पाहावयाचे असेल तर १२ डिसेंबर १९११ चा मंगळवार पाहावा. दिल्लीच्या माळावर सम्राट पाचवे जॉर्ज आणि सम्राज्ञी मेरी यांचा दरबार भरला होता. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविली जाईल आणि बंगालची फाळणी मागे घेतली जाईल, या दोन घोषणा त्या दिवशी झाल्या. हिंदुस्थानच्या संस्थानिकांनी एकामागून एक येऊन मुजरा करावयाचा आणि सम्राटाकडे पाठ न फिरवता मागे सरकायचे, असा रिवाज घालून दिलेला होता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड पुढे आले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून चालू लागले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरात वाढलेल्या आणि पुढे दत्तक जाऊन राजा झालेल्या या पुरुषाच्या त्या चार पावलांवर इंग्रजी वृत्तपत्रांनी काहूर माजविले. महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलाशाचे पत्र धाडावे लागले. ते पाऊल बुद्ध्या टाकले की गोंधळात पडले, याची चर्चा अजून संपलेली नाही. आमच्या मते, शिष्टाचाराचा एवढा काटेकोर अभ्यास असलेला राजा मुजरा कसा करावा हे विसरतो, यावर विश्वास ठेवणे अवघड आहे.

त्याच दिवशी, त्याच १२ डिसेंबर १९११ ला, कोल्हापूरकडील गोलिवडे या गावी भोसल्यांच्या घरात एक मुलगी जन्मली. दरबाराच्या वार्तांकनासाठी जगभरचे बातमीदार दिल्लीत जमले होते; या मुलीची नोंद घेणारे कोणी नव्हते. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. थोरली बहीण आणि मेहुणे यांनी तिला वाढविले, पुण्याच्या सेवासदनात तिचे शिक्षण झाले, आणि पुढे बारामतीच्या गोविंदराव पवारांशी विवाह होऊन ती शारदाबाई पवार झाली. १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर त्या निवडून आल्या. बायकांनी सभेत बसणे हेच जेथे नवल, तेथे ही बाई रस्ते, विहिरी, शाळा आणि दवाखाने यांच्या हिशेबावर बोलत असे. अकरा मुलांचा संसार आणि शेती सांभाळून हे चालले होते. १९४० च्या १२ डिसेंबरला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच एकोणतिसाव्या वाढदिवशी, शरद या मुलाचा जन्म झाला. आणि तीन दिवसांचे ते बाळ घेऊन त्या पुण्याला बोर्डाच्या बैठकीस गेल्या. ही हकीकत शरद पवारांनी पुष्कळदा सांगितली आहे आणि बारामतीत ती ठाऊक नसलेला माणूस विरळा.

तीन दिवसांची बाळंतीण, डिसेंबरची थंडी आणि त्या काळचा पुण्याचा रस्ता! शूरत्वाच्या कथा आपण रणांगणावर शोधतो. आम्हाला ही कथा कोणत्याही लढाईपेक्षा कमी वाटत नाही. पुढे एका वळूने केलेल्या हल्ल्यात त्यांच्या पायाला कायमची इजा झाली आणि उरलेले आयुष्य त्यांना कुबड्यांच्या आधारे काढावे लागले. तरी त्यांचे काम थांबले नाही. १९७५ साली त्या निवर्तल्या. १९९४ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिले महिला धोरण जाहीर केले तेव्हा मुख्यमंत्रिपदी त्यांचा मुलगा होता. त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय बारामतीजवळ शारदानगरला आहे. तरीसुद्धा फळ्यावरच्या दिनविशेषात १२ डिसेंबरखाली दिल्ली दरबार असतो, पुत्राचे नाव असते, आईचे नाव क्वचितच असते. ज्याचा गाजावाजा त्या दिवशी झाला तो दरबार आज एका उद्यानातील काही पुतळ्यांपुरता उरला. ज्या राजधानीची घोषणा झाली ती उभी करून, १९३१ साली थाटाने तिचे उद्घाटन करून, इंग्रज सोळा वर्षांत निघून गेले.

दरबारानंतर एकोणीस वर्षांनी, १२ डिसेंबर १९३० रोजी, पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा एक तरुण या तारखेत आला. बाबू गेनू सैद हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचे. घरची गरिबी, म्हणून मुंबईच्या गिरणीत मजुरी. सविनय कायदेभंगाचे दिवस होते. काळबादेवीत परदेशी कापड भरलेली लॉरी निघाली तेव्हा ती अडविण्यासाठी बाविशीतले बाबू गेनू रस्त्यात आडवे झाले. लॉरीच्या भारतीय चालकाने गाडी पुढे नेण्यास नकार दिला आणि गोऱ्या सार्जंटने त्याची जागा घेतली, असे सांगतात. लॉरी अंगावरून गेली. सायंकाळपर्यंत सारी मुंबई हळहळली. आज त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, चौक आहेत, पुण्याच्या मंडईत गणेश मंडळ आहे आणि डिंभे धरणाच्या जलाशयालाही हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. स्वदेशी दिन म्हणून त्यांचा स्मृतिदिन पाळतात. त्यांच्या घरच्या लोकांना त्यांचा वाढदिवस साजरा करणे ठाऊक असेल असे आम्हाला वाटत नाही. त्या काळी त्या वर्गात ती चालच नव्हती.

ख्रिस्तसभेची रीत येथे आठवल्यावाचून राहत नाही. उपासनेच्या वर्षात आपण जन्मदिवस तीनच पाळतो : प्रभू येशूचा, पवित्र मरियेचा आणि संत योहान बाप्तिस्ता याचा. बाकी साऱ्या संतांचा सण सहसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो, आणि त्याच दिवसाला सभेच्या जुन्या भाषेत जन्मदिवस म्हटले जाते. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती माणसे रक्तसाक्ष्यांच्या थडग्यांपाशी वर्षातून एकदा जमत. ते गुलाम असत, मजूर असत. त्यांच्या जन्माची तारीख कोणी लिहून ठेवलेली नव्हती, मरणाची तेवढी ठाऊक होती. बाबू गेनूंचा हिशेब याच रीतीचा आहे.

इतर काही नोंदी भरभर सांगून टाकतो. १९०१ साली याच दिवशी मार्कोनीने न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर अटलांटिकपलीकडून बिनतारी संदेश ऐकल्याचे जाहीर केले. एका अक्षराचे तीन टिंब एवढाच तो संदेश. तीस वर्षांनी व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र याच मार्कोनीने उभारून दिले. १९६३ साली याच दिवशी केनिया स्वतंत्र झाला. त्या लढ्यात गोव्याच्या कॅथलिक घराण्यातील पियो गामा पिंटो यांनी वर्षानुवर्षे स्थानबद्धता सोसली होती, आणि स्वातंत्र्यानंतर चौदा महिन्यांतच नैरोबीत त्यांची हत्या झाली. १९५० साली याच दिवशी बंगळूरच्या एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड जन्मले. त्यांचे पूर्वज जेजुरीकडच्या मावडी कडेपठारचे. बसचे कंडक्टर म्हणून तिकिटे फाडणारा हा माणूस पुढे रजनीकांत या नावाने तामीळ चित्रपटांत काय झाला, हे सांगावयास आमची गरज नाही.

खेळाच्या रकान्यात मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण मुलांचे कान तेथेच टवकारतात. १९४७ साली १२ डिसेंबरला सिडनीत भारताचा ऑस्ट्रेलियाविरुद्ध दुसरा कसोटी सामना सुरू झाला. देश स्वतंत्र होऊन चार महिने झालेले, समोर ब्रॅडमनचा संघ. कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी त्या सामन्यात पदार्पण केले, खालच्या क्रमांकावर येऊन ५१ धावा काढल्या आणि १४ धावांत ३ गडी बाद केले. दुसऱ्या टोकाकडून सांगलीच्या ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले विजय हजारे यांनी ४ बळी मिळविले. ब्रॅडमनचा संघ १०७ धावांत आटोपला! पुढे पावसाने खेळ धुऊन नेला आणि सामना अनिर्णित राहिला. मालिका भारताने सपाटून गमावली, म्हणून ते १०७ आज कोणाच्या लक्षात नाहीत.

याहून मोठी हुरहूर लावणारी कथा भाऊसाहेब निंबाळकरांची आहे. त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ चा, कोल्हापूरचा. वयाची एकोणतीस वर्षे पूर्ण करून चारच दिवस झाले असताना, डिसेंबर १९४८ मध्ये, पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना सुरू झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत संपला. महाराष्ट्राकडून कमल भांडारकरांनी २०५ धावा काढल्या. त्यांची आणि निंबाळकरांची भागीदारी ४५५ धावांची झाली. निंबाळकर खेळतच राहिले. ४४३ धावांवर ते नाबाद होते, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडण्यास दहा धावा पुरेशा होत्या. खेळाच्या मधल्या सुटीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगितले की आता डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आपल्या संघाची अशी नोंद इतिहासात राहावी हे त्यांना रुचले नाही. आणि ते खरोखरच सामना सोडून निघून गेले.

यातील विनोद असा की, नामुष्की टळावी म्हणून जो संघ निघून गेला, त्याचे नाव केवळ त्या निघून जाण्यामुळेच उरले. निंबाळकरांना विक्रम मिळाला नाही. अधिकृत कसोटी सामना तर त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या अद्याप तीच ४४३ आहे. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असताना, ते कोल्हापूरला निवर्तले. दहा धावा कमी, एक दिवस कमी. इतक्या काटेकोर हिशेबाने हुलकावणी देणारे नशीब आम्ही दुसऱ्या कोणा खेळाडूच्या बाबतीत पाहिलेले नाही.

अलीकडच्या नोंदी मुलांनाच आमच्यापेक्षा चांगल्या पाठ आहेत. युवराजसिंग याचा जन्म १९८१ सालच्या या दिवसाचा, आणि २००९ साली अठ्ठाविसाव्या वाढदिवशी मोहालीत श्रीलंकेविरुद्ध त्याने तीन गडी बाद करून नाबाद ६० धावा काढल्या. २०१६ साली याच दिवशी मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंड एक डाव आणि ३६ धावांनी हरले. २०२४ साली याच दिवशी सिंगापुरात अठरा वर्षांच्या गुकेशने चीनच्या डिंग लिरेनवर मात करून बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळविले. एवढ्या लहान वयात ते पूर्वी कोणी मिळविले नव्हते.

आता पुन्हा आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. कारण १२ डिसेंबरची एक नोंद आम्ही मुद्दाम मागे ठेवली आहे. १९४९ साली या दिवशी बीड जिल्ह्यात परळी तालुक्यातील नाथ्रा या गावी गोपीनाथ मुंडे यांचा जन्म झाला. राज्याचे उपमुख्यमंत्री, पुढे केंद्रात मंत्री झाले आणि शपथ घेतल्यावर आठवडाभरातच, ३ जून २०१४ रोजी, दिल्लीत अपघाती मृत्यू पावले. पवार आणि मुंडे राजकारणात एकमेकांचे कट्टर विरोधक. दोघांचा वाढदिवस एक, हा योगायोग वृत्तपत्रांनी दरवर्षी चघळला. परंतु त्या योगायोगाच्या तळाशी जे आहे त्याकडे क्वचितच कोणी पाहिले. एकाचे गाव ऊस पिकविणारे, दुसऱ्याचे गाव ऊस तोडणारे.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि या कोरड्या मुलखाच्या एका पट्ट्यात ऊस आला. पुढे वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे कारखाने उभे राहिले. कालव्याच्या पट्ट्याबाहेर दुष्काळ तसाच होता. तेथे १९६० नंतरच्या दुष्काळी वर्षांत 'कासा' या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या कामाबदली धान्य योजनेतून पाझर तलाव खणले गेले. तलाव अजून आहेत, आणि त्यांतल्या कोणत्याही एकाला दिनविशेषात जागा नाही. उसाचा विस्तार झाला तसे तोडणीला माणूस कमी पडू लागला. तो आला बीडहून, नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागातून, आणखी दुरून. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी लेकराबाळांसह निघतात, फडाजवळ पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या उभारतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तेथेच राहतात. तोडणीचा दर काय असावा यावर साखर संघ आणि कामगारांच्या संघटना यांच्यात संप होत, वाटाघाटी होत. त्यांतूनच पवार-मुंडे लवाद म्हणून ओळखली गेलेली व्यवस्था आली. एकाच तारखेला जन्मलेली ही दोन माणसे टेबलाच्या दोन बाजूंना बसून एका कोयत्याच्या दिवसभराच्या कष्टाची किंमत ठरवीत. आता कामगारांसाठी राज्य शासनाचे महामंडळ आहे आणि त्याला मुंडे यांचेच नाव दिलेले आहे.

१२ डिसेंबर हा ऐन गळिताचा दिवस. शहरात फलक लागलेले असतात, केक कापले जातात. आणि पहाटे चारला, दवाने भिजलेल्या फडात, ज्यांच्यासाठी त्या लवादात भांडण झाले ती माणसे कोयता चालवीत असतात. त्यांचा वाढदिवस कधी असतो? या प्रश्नाला महाराष्ट्रात एक ठरलेले उत्तर आहे : एक जून.

हे उत्तर केवळ ऊसतोड कामगारांचे नाही; आमच्या पिढीतील खेड्यातल्या हजारो माणसांचे आहे, आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकीही पुष्कळांचे असेल. जून महिन्यात शाळा उघडे. बाप पोराला घेऊन येई. गुरुजी विचारीत, जन्म केव्हाचा? बाप म्हणे, मोठा पूर आला त्या साली, नाहीतर धाकट्या भावाच्या लग्नाआधी. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावावयास सांगत. हात पोचला की वय भरले. मग दाखल्याला पाहिजे तेवढी वर्षे मागे मोजून रजिस्टरात लिहिले जाई, १ जून अमुक साल. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. तो खेड्यापाड्यांत अंगवळणी पडण्यास आणखी कित्येक वर्षे गेली. त्यामुळे आजही महाराष्ट्रात एक जूनला जेवढे वाढदिवस येतात तेवढे इतर कोणत्या दिवशी येत असतील असे वाटत नाही. सरकारी नियमाप्रमाणे पहिल्या तारखेस जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी कचेऱ्याच्या कचेऱ्या आणि शाळांचे शिक्षक एकदम रिकामे होतात. गुरुजींच्या टाकाने एका सकाळी लिहिलेली तारीख माणसाचा अठ्ठावन्न वर्षांचा हिशेब ठरविते.

आम्हाला या एक जूनवर हसणे जमत नाही. त्या गुरुजींनी मुलाला शाळेत घेतले, हे त्यांचे उपकार. जन्मतारीख नाही म्हणून त्यांनी कोणाला परत धाडले नाही. परंतु आज दिवस पालटले आहेत. आज जन्माचा दाखला नसेल तर आधार कार्ड अडते, शाळेचा प्रवेश अडखळतो, शिष्यवृत्ती मिळत नाही. आणि दाखला काढावयाचा तो कोठून? मूल जन्मले इंदापूरच्या फडावर, घर बीडला, कारखाना बदलला, मुकादम बदलला. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, काहींना त्यांचा लाभही झाला. तरी कोपीत जन्मलेल्या सगळ्याच मुलांची नोंद वेळेवर होते असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी मराठवाड्यातले एक ख्रिस्ती जोडपे इंदापूर तालुक्यात तोडणीला आले होते. रविवारी मिस्सानंतर बाई पुढे आली. कडेवर लहान मूल. स्नानसंस्कार करावयाचा होता. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत मुलाचे नाव, आईवडिलांची व धर्ममातापित्यांची नावे, संस्काराची तारीख आणि स्थळ यांच्याबरोबर जन्माची तारीख व स्थळ लिहिणे ख्रिस्तसभेच्या कायद्याने आवश्यक आहे. आम्ही विचारले, "बाई, मूल कधी झालं?"

ती म्हणाली, "पट्टा पडायच्या आठ दिस आदी, फादर. मागल्या हंगामाला."

बोलता बोलता तिचा नवरा म्हणाला, "लिवा की एक जून. समद्यांची तीच हाय. माजीबी तीच हाय."

ज्यांना या भागाची भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : कारखान्याचा हंगाम संपून गाळप बंद झाले की पट्टा पडला असे म्हणतात. बॉयलर पेटणे आणि पट्टा पडणे या दोन खुंट्यांवर तिकडचे सारे वर्ष टांगलेले असते. मोरोपंतांच्या काळी चैत्री पौर्णिमा होती, हिच्यासाठी पट्टा होता. तिने तारीख सांगितली नव्हती असे नाही; तिने ती तिच्या पंचांगात सांगितली होती.

आम्ही वही मिटली आणि दुसऱ्या दिवशी त्या कारखान्याच्या कचेरीत गेलो. मागील हंगामाचे गाळप कोणत्या दिवशी बंद झाले, ते तेथील एका कारकुनाने पाच मिनिटांत काढून दिले. त्यातून आम्ही आठ दिवस वजा केले. मार्चमधला एक बुधवार निघाला. बाईला विचारले, "बुधवार होता का?" ती थोडा वेळ आठवीत राहिली, मग म्हणाली, "आठवड्याचा बाजार होता त्या गावचा. म्या गेले न्हवते." त्या गावचा बाजार बुधवारीच भरतो.

पुढच्या रविवारी संस्कार झाला. जन्माच्या रकान्यात आम्ही ती मार्चची तारीख लिहिली, स्थळ म्हणून ज्या गावच्या शिवारात कोपी होती त्या गावाचे नाव लिहिले, आणि समासात बारीक अक्षरात तारीख कशी काढली ते नोंदविले. उतारा शिक्क्यानिशी बाईच्या हाती दिला. उशिरा नोंदणीसाठी काय काय लागते ते तालुक्याच्या कचेरीत विचारून एका कागदावर उतरवून दिले. त्या हंगामाचा पट्टा पडला तेव्हा ती माणसे गावी परतली. गेल्या वर्षी नवरा एकटाच आला होता. मूल गावी आजीपाशी ठेवले आहे, अंगणवाडीत जाते, आणि जन्माच्या दाखल्याचे काम तहसीलमध्ये अजून चालू आहे, असे त्याने सांगितले.